दर सोमवारी नवं काहीतरी

बेबीला बेबी म्हणायचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. केसांना रंग लावायचाही आता तिने कंटाळा केला होता, जिना चढताना गुडघे कुरकुरत होते, आणि तरी घरात ती बेबीच होती, कारण तिला तशी हाक मारणारं माणूस अजून घरात होतं. दुकानात मात्र ती ताई. मालक तिच्याहून मोठा की लहान हे दोघांनाही धड ठाऊक नव्हतं, पण 'ताई' म्हटलं की जास्तीचं काम सांगायला बरं पडतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुकान आजारी माणसांच्या सामानाचं. दारात व्हीलचेअरी, आत वॉकर, काठ्या, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, आणि वर छतापर्यंत डायपरचे गठ्ठे. असल्या दुकानात हौसेने कोणी येत नाही. कालपर्यंत घरातलं जे माणूस धडधाकट होतं त्याच्यासाठी कोणीतरी आलेलं असतं, आणि नेमकं काय हवंय हे त्याला सांगता येत नसतं. बेबी तिथे बिलं करायची, फोन घ्यायची, आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची. मग मालकाच्या डोक्यात वेबसाइट शिरली.

खरं तर वेबसाइट आधीपासून होती. भाच्याने करून दिली होती आणि ती कशी उघडायची हे भाचाही विसरला होता. पण मालक कुठल्याशा व्यापाऱ्यांच्या मेळाव्याला गेला आणि तिथे एका कोट घातलेल्या पोराने त्याला सांगितलं, की साइट नुसती करून भागत नाही, तिच्यावर सतत नवं काही आलं नाही तर ती कोणाला सापडेनाशीच होते. मालक तेच ऐकून तडक दुकानात आला.

"ताई, साइटला दर आठवड्याला नवं काहीतरी लागतं. शिळी दिसता कामा नये."

"कमोडच्या खुर्चीत दर आठवड्याला नवं काय येणार?"

"ते तुम्ही बघा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

कॉम्प्युटरवर लिहायचं तर अक्षराचा काय संबंध, हे बेबीने विचारलं नाही. विचारून काम टळत नाही हा तिचा अनुभव होता. घरी अंथरुणाला खिळलेली आई भरवायला होतीच, आता दुकानात ही साइट दुसरी आली.

पहिले काही आठवडे तिने कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून उतरवून काढलं. 'व्हीलचेअर निवडताना', 'वॉकरचे फायदे', 'वॉकरचे आणखी फायदे'. वाचताना तिला स्वतःलाच जांभई येई. वाचणारे दोघेच, मालक आणि मालकाची बायको, त्यातही बायकोने वॉकरच्या दुसऱ्या लेखाला हात टेकले.

मग एका सोमवारी सगळं आटलं. त्या सकाळी आईची चादर दोनदा बदलावी लागली होती म्हणून बेबी उशिरा दुकानात पोचली होती. कॉम्प्युटरसमोर बसली तरी डोक्यात चादरीखेरीज काही नव्हतं. म्हणून तिने चादरच लिहिली. पडून असलेल्या माणसाला एका कुशीवर वळवा, जुनी चादर त्याच्या पाठीपर्यंत गुंडाळत न्या, नवी तिला लागून तशीच अर्धी गुंडाळून ठेवा, मग माणसाला त्या उंचवट्यावरून अलगद पलीकडे वळवा. हात लावण्याआधी सांगा, की आता वळवतेय. न सांगता वळवलं की माणूस घाबरतं. घाई करू नका, चादर कुठे पळून जात नाही. खाली 'तुमची ताई' असं टाकून तिने ते साइटवर चढवलं आणि बिलं करायला बसली.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात फोन यायला लागले. कोणी विचारलं चादर किती रुंद घ्यावी, कोणी विचारलं माणूस जाड असेल तर काय करायचं. एका बाईंना काहीच विचारायचं नव्हतं. ताई आहेत का म्हणाल्या, आणि बेबी फोनवर आल्यावर नुसत्या रडल्या. मालक खूश झाला. हवेच्या दोन गाद्याही त्या आठवड्यात गेल्या.

त्या लेखात जे आलं नव्हतं ते असं होतं, की त्या सकाळी बेबीने आईला काहीएक सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा चादर काढताना तिने ती खसकन ओढली होती. "आई, जरा हल ना, सगळा भार माझ्यावरच टाकणार का?" असंही म्हणाली होती, आणि आईचं कोपर पलंगाच्या दांडीवर आपटलं होतं. लेखातल्या ताईच्या हातून असलं काही होत नसे. ताईला कायम वेळ असे, ताईची कंबर दुखत नसे, ताई कधी कोणावर खेकसत नसे. बेबी तिला लिहायला बसली की चार घटका बरं वाटे.

हळूहळू तेच अंगवळणी पडलं. पडल्या पडल्या केस कसे धुवायचे, पाणी पिताना ठसका लागतो तेव्हा मान कशी धरायची, टाचा लाल झाल्या तर उशी कुठे सरकवायची. घरात आईला जे जे होईल ते सोमवारी साइटवर येई, फक्त 'एक आजी' या नावाने. कधी कधी आई खोकत असायची, बेबीचा एक हात तिच्या पाठीवर असायचा, आणि डोक्यात लेखाचा मथळा जुळत असायचा. तिचं तिला ते कळायचं. लाज वाटायची. पण सोमवार काही लाजेखातर थांबत नसे, आणि मालक मोबाइलवरचे आलेख दाखवत म्हणे, "ताई, आजीचे लेख चालतात. आजीचंच येऊ द्या."

आता या आजीबद्दल सांगायला हवं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, तारा खुपसून माणसांना माणसं जोडून द्यायचे दिवस होते तेव्हा. उभी हयात कानाला हेडफोन. पलीकडचा नुसतं 'हॅलो' म्हणाला तरी हा उधार मागणार की वाईट बातमी सांगणार, हे आपल्याला कळायचं, अशी तिची फुशारकी होती, आणि ती खोटी नव्हती. बेबी शाळेतून आल्यावर दारातून 'आई' म्हणायची तेवढ्यावर आई पेपर अवघड गेला का ते ओळखायची. पुढे ती न्हाणीघरात घसरली, खुबा मोडला, ऑपरेशन डॉक्टरांच्या मते उत्तम झालं, पण ती परत उभी राहिली नाही. डोकं आणि जीभ मात्र शाबूत. आवाजही शाबूत. "बेबी" म्हटलं की स्वयंपाकघर ओलांडून गच्चीपर्यंत पोचायचं. बेबी, पाणी. बेबी, भांडं. बेबी, पंखा कमी कर. बेबी, उशी. आणि बेडपॅन लावायला दुसऱ्या कोणाचा हात चालायचा नाही. समोरच्या काकू दुपारी सोबतीला येऊन बसत, त्यांनी एकदा भांडं उचललं तर आई म्हणाली, "ठेवा ते. बेबी आली की बघेल."

दूरच्या शहरात बेबीचा मोठा भाऊ होता. दादा दर रविवारी फोन करी आणि शेवटी न चुकता म्हणे, "बेबी, तू स्वतःला जप हं." एवढं म्हटलं की त्याचा आठवडा सुटला. बेबी म्हणायची, "मी बरी आहे." डॉक्टरांनाही ती तेच सांगायची, काकूंनाही, आणि आईला तर सर्वांत जास्त. ती बरी नव्हती. तिला झोप नव्हती, जेवणाला चव नव्हती, आणि आपण एक दिवस काहीतरी भलतं बोलून जाऊ किंवा करून बसू, ही धास्ती तिला सतत असायची. पण आपल्या आईचं करताना दमलो हे आईलाच सांगायचं कसं? ते तिला जमणं शक्य नव्हतं, आणि जमलं नाही तर ती मोडणार होती.

अशात मालकाने एक विषय दिला. गावाबाहेर वृद्ध आणि आजारी माणसांना ठेवून घेणारं नवं केंद्र उघडणार होतं आणि तिथले सगळे पलंग आपल्याकडूनच जावेत म्हणून मालकाची धडपड चालली होती.

"ताई, या वेळी जरा वेगळं. घरी सांभाळणं जमेनासं झालंय हे कसं ओळखायचं. त्यांनाही बरं वाटेल."

"हे लिहायला नको वाटतं," बेबी म्हणाली.

"एवढ्या वेळा आजीचं लिहिलंत. एकदा आजीचं करणाऱ्याचंही लिहा की."

तो हे सहज बोलून गाडीतून खोकी उतरवायला निघून गेला. बेबी बसली, आणि एरवी दोन तास खाणारा लेख तिच्या हातून एका बैठकीत उतरला. एरवी ती लिहून झाल्यावर वाक्यांच्या कडा घासून मऊ करायची. त्या दिवशी तेवढं त्राणच नव्हतं.

'हाक आली की उठण्याआधी तुम्ही डोळे मिटता आणि ती हाक दुसऱ्या कोणाला असावी असं वाटतं. बाथरूमचा नळ सोडून तुम्ही नुसत्या आत बसून राहता. माणूस झोपलं की तुम्हाला आनंद होतो, आणि ते हललं की राग येतो. त्यांनी पाणी मागितलं की तुम्ही मनात हिशोब करता, की आता अर्ध्या तासाने भांडं. तुमची माया आटली असं नाही. तुम्ही संपत आलात. हे ज्याचं करता त्याला सांगता येत नसेल, तर निदान दुसऱ्या कोणाला सांगा.' खाली तुमची ताई.

तो लेख इतका वाचला गेला की मालकाला आलेख दाखवायला मोबाइल आडवा धरावा लागला. पुढच्या सोमवारी याचाच दुसरा भाग द्या म्हणाला. बेबी बरं म्हणाली.

तो लेख चढला त्या सोमवारच्या संध्याकाळपासूनच घर शांत झालं होतं. बेबीला आधी जाणवलं नाही. मग तिच्या लक्षात आलं, की भाजी चिरून झाली, कपडे घड्या करून झाले, तिचं जेवणही बसून झालं, आणि मध्ये एकदाही हाक आली नाही. आत जाऊन बघितलं तर आई छताकडे बघत पडलेली.

"काही हवंय?"

"नाही ग. तू बस."

बेबी बसली. पाय वर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. नवं औषध लागू पडलं असेल असं तिने ठरवून टाकलं, कारण तसं ठरवणं सोयीचं होतं. आई जेवण थोडं घ्यायची, पाण्याचा पेला ओठाला लावून परत द्यायची, पाठ अवघडली तरी कुशीवर वळव म्हणायची नाही. आणि बेबीला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटत होतं. आठवड्याच्या मधल्या एका दुपारी दुकानात तिच्या मनात आलंसुद्धा, की 'रुग्ण शांत होतो तेव्हा' असा एक लेख होईल.

मग आईला ताप भरला. ओठ सोलवटले, बोलणं अडखळायला लागलं. डॉक्टर घरी आले, त्यांनी आईच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

"यांच्या पोटात पाणीच नाही. लघवीचं इन्फेक्शन आणि ताप त्यानेच आलाय. सलाइन लावू, औषध देतो, पण पाणी गेलं नाही तर दवाखान्यात हलवावं लागेल, आणि या वयात तिथून परत यायची खात्री मी देणार नाही. पाणी का देत नाही तुम्ही?"

बेबीला तोंडात मारल्यासारखं झालं. सलाइन लावून डॉक्टर गेले. ती स्वयंपाकघरात गेली तिथे काकू चहाचं आधण ठेवून उभ्या होत्या.

"काकू, दुपारी पाणी पीत नव्हती का ही?"

"मी देत होते ग. वहिनी घेतच नाहीत. म्हणतात, प्यायलं की भांडं लागतं, भांडं लागलं की बेबीला उठावं लागतं." काकूंनी आधणात साखर घातली. "मला वाटलं तुमचं काही बोलणं झालंय. तो सोमवारचा लेख वाचून दाखवला त्या दिवसापासून हे चाललंय."

"कोणता लेख?"

"तुझाच की. दर सोमवारी वाचते मी त्यांना, माझ्या फोनवर. तुझ्या दुकानाची साइट त्यांनीच मला काढायला लावली होती. पहिलाच चादरीचा वाचला आणि मला म्हणाल्या, ही बेबी आहे. मला काही कळलं नव्हतं बाई."

बेबीने गॅस बंद केला. काकूंना घरी पाठवलं. आपण गावभर फोनवर लोकांना धीर देत होतो तेव्हा घरी पलंगावर पडून ही सगळं ऐकत होती, हे तिला सोसवेना. तिला आईचा राग आला, काकूंचा आला, मालकाचा आला, आणि शेवटी राग धरायला कोणी उरलं नाही तेव्हा ती आत गेली.

दुपारचं ऊन पलंगाच्या पायथ्यापर्यंत आलं होतं. सलाइनची बाटली खुंटीला टांगलेली. आई जागी होती.

"आई, तो लेख मालकांनी लिहायला सांगितला होता. गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारं नवं केंद्र उघडतंय, तिथे त्यांना पलंग विकायचेत. दर आठवड्याला काहीतरी नवं लागतं म्हणून लिहिते मी. त्यातलं काही मनाला लावून घ्यायचं नाही."

"विषय त्यांचा असेल," आई म्हणाली. आवाज कोरडा झाला होता पण शब्द नीट येत होते. "बोलणं तुझं होतं."

बेबीने तिच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं केलं.

"आधीचे सगळे खोटे होते, ते मला कळत होतं. हात लावण्याआधी सांगा, म्हणे. तू कधी सांगतेस?" आई हसली असावी, ओठ सोलवटल्यामुळे कळलं नाही. "तरी मी ऐकायचे. मला वाटायचं, हिला असं वागायचंय, जमत नाही बिचारीला. मला आवडायची ती ताई. सोमवारची वाट बघायचे मी."

"मग आता काय झालं?"

"आता खरं ऐकलं. ते सगळ्या जगाला सांगितलंस आणि मला नाही सांगितलंस. मी आपली हाका मारत होते."

"म्हणून पाणी सोडायचं? जीव गेला असता तुझा."

"तुला उठावं लागलं नसतं."

हे ती रागाने म्हणाली नाही, आणि म्हणूनच ते बेबीच्या जिव्हारी लागलं. ती पलंगाच्या कडेला बसली. गेले काही दिवस आपण पाय वर घेऊन बसलो होतो, आणि ते सुख आईने स्वतःला वाळवून आपल्याला दिलं होतं, हे तिला दिसलं.

"मी जाते त्या नव्या जागी," आई म्हणाली. "कायमची नाही म्हणत. थोडे दिवस. बघू कसं आहे ते. तू झोप काढ."

"काहीतरीच काय," बेबी लगेच म्हणाली. "माझ्या आईचं करायला मला कसला आलाय त्रास? दमले असेन एखाद दिवस, लिहून गेले. तू कुठेही जायचं नाहीस. मी आहे ना, मी बरी आहे."

आई तिच्याकडे बघत राहिली. डोकं किंचित एका बाजूला कललेलं, एक कान वर, कामावर बसायची तशी.

"हे ताई बोलली," ती म्हणाली. "मी बेबीला विचारतेय."

बेबीने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

"जा थोडे दिवस," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. "आई, मला झोप हवीये. मला आता नाही होत."

आणि ती रडायला लागली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी नाक वाहेपर्यंत. आईने सुई नसलेला हात तिच्या पाठीवर टाकला. तो धड पोचत नव्हता, कमरेशीच राहिला. तिने काही समजूत घातली नाही. रडणं ओसरेपर्यंत हात तिथेच ठेवला.

"हं," आई म्हणाली. "आता पाणी दे. भरून दे."